उकळण्याआधीचं काम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या औषधाच्या दुकानांत तान्ह्या बाळांसाठी एक खास बाटली मिळायची. जाड काचेची, चपटी, आडवी ठेवता येईल अशी. तिच्या बुचातून एक लांब रबरी नळी बाहेर यायची आणि नळीच्या टोकाला निपल असायचं. बाटली पाळण्यात बाळाच्या कुशीला ठेवायची, निपल त्याच्या तोंडात द्यायचं. मग बाळ आपापलं दूध ओढत राहायचं. कुणी मांडीवर घ्यायला नको, बाटली धरून बसायला नको. घरात चार-पाच मुलं आणि दिवसभर न संपणारं काम, अशा आईला ही बाटली हवीहवीशी वाटली तर नवल नाही. 'अलेक्झांड्रा'सारखी राजघराण्यातली नावं देऊन ती विकली जायची.

नळीच्या आत काय चाललंय, हे मात्र दिसत नव्हतं. दूध पिऊन झालं तरी नळीत थोडं उरायचंच. ते आंबायचं, आतल्या भिंतीला चिकटायचं, आणि पुढच्या वेळचं ताजं दूध त्याच थरावरून बाळाच्या पोटात जायचं. बारीक ब्रश मिळायचे, पण वाकड्या लांब नळीचा सगळा आतला भाग त्यांनी घासून निघणं अवघड होतं. जुलाबांनी दगावणाऱ्या बाळांची संख्या पाहून डॉक्टर या बाटलीला 'खुनी बाटली' म्हणू लागले. तरीही ती कित्येक वर्षं विकली जात राहिली.

त्या काळच्या आयांना दोष देता येणार नाही. जंतूंमुळे रोग होतात ही गोष्ट अजून सर्वमान्य व्हायची होती. १८६१ मध्ये इझाबेला बीटन यांचं घरव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी पोचलं. बाटलीवर एकदा नीट बसवलेलं निपल नवं लावेपर्यंत काढायचं कारण नाही, आणि नवं लावायची वेळ साधारण पंधरा दिवसांतून एकदा येईल, असा सल्ला त्यात आहे. लिहिणारी बाई मन लावून, बारकाईने लिहीत होती. तिला जे माहीत नव्हतं, ते तेव्हा जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं.

फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून नळीच्या बाटल्यांची विक्री बंद केली. पुढच्याच वर्षी, १९११ च्या उन्हाळ्यात, तिथे उष्णतेची भयंकर लाट आली. त्या काही आठवड्यांत सुमारे ४० हजार माणसं दगावली आणि त्यांत बहुसंख्य तान्ही बाळं होती. नळीवर बंदी आली होती, पण दूध नासवणारा उन्हाळा होताच. दूध कुठून आलं, किती वेळ उघडं राहिलं आणि कोणत्या बाटलीत ओतलं, या तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळल्याशिवाय बाळ वाचत नाही, हे तिथल्या डॉक्टरांना त्याआधीच उमगलं होतं.

या गोष्टी सांभाळण्याचा एक मार्ग जर्मनीतून आला होता. फ्रांझ फॉन सॉक्सलेट हे शेतीरसायनाचे तज्ज्ञ. तेलबियांतून तेल काढून मोजण्याचं त्यांचं उपकरण आजही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत असतं. १८८६ मध्ये त्यांनी बाळाचं दूध घरीच निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. एका वेळेला एक, अशा छोट्या बाटल्यांत दूध भरायचं, त्या जाळीत उभ्या करून पाण्याच्या पातेल्यात तापवायच्या. तोंडावर रबरी चकती असायची. बाटली गार होताना आत निर्वात झाल्याने ती आपोआप घट्ट बसायची. बाळाला भूक लागली की एक बाटली उघडायची, उरलेल्यांना हात लावायचा नाही. दूध आणि बाटली एकाच वेळी तापत असल्याने मध्ये कुणाचा हात लागण्याचा प्रश्नच राहिला नाही. पॅरिसमध्ये प्रसूतितज्ज्ञ प्येर ब्युदँ यांनी १८९२ मध्ये शारिते रुग्णालयात बाळांसाठी नियमित तपासणी सुरू केली. आयांनी बाळाला आणायचं, वजन करायचं, अंगावर पाजण्याला प्रोत्साहन द्यायचं, आणि ते शक्य नसेल तिथे निर्जंतुक केलेलं दूध छोट्या बाटल्यांतून द्यायचं, असा तो उपक्रम होता. दोन वर्षांनी लेओं द्युफूर यांनी फेकाँ या बंदराच्या गावी अशाच दूधकेंद्राची सुरुवात केली.

दुसरा मार्ग बाटलीच्या आकाराचा होता, आणि तो या प्रकरणाच्या विषयाला अधिक जवळचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'ॲलनबरीज' नावाची होडीच्या आकाराची बाटली लोकप्रिय झाली. तिला दोन्ही टोकांना तोंड होतं. एका तोंडाला निपल, दुसऱ्याला रबरी झडप. दोन्ही काढली की बाटली आरपार उघडी. पाण्याची धार एकीकडून सोडली की दुसरीकडून बाहेर. पुढे उष्णता सहन करणारी काच आली आणि रुंद तोंडाच्या उभ्या बाटल्यांनी तिची जागा घेतली. आज कोणतीही बाटली विकत घेताना पहिली पारख हीच करावी: तळाच्या कोपऱ्यापर्यंत ब्रश पोचतो का, आणि सगळे भाग सुटे होतात का. पोटफुगी होऊ नये म्हणून काही बाटल्यांत झडपा, बारीक नळ्या, चकत्या बसवलेल्या असतात. त्या सोयीच्या असतील, पण प्रत्येक जास्तीचा भाग म्हणजे रोज सुटा करून घासायची आणखी एक फट. ज्या घरात तेवढा वेळ नाही, तिथे साधी, गोल, रुंद तोंडाची बाटलीच घ्यावी.

आता घरातल्या मोरीकडे वळू. बाटली 'उकळली की झालं' अशी समजूत अजूनही पक्की आहे. प्रसूतीनंतर माहेरी आलेल्या मुलीला आई-मावशी सांगतात त्यात उकळण्यावरच जोर असतो. त्यांचा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. दूध तापवून झाल्यावर पातेलं तसंच राहिलं आणि पुन्हा चुलीवर चढवलं, तर तळाला काय होतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे: थर घट्ट होतो आणि मग तासाभराच्या घासण्यालाही दाद देत नाही. बाटलीतही तेच घडतं, फक्त थर इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. दुधातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन चिकटतात, स्निग्धांश त्यांत अडकतो, आणि त्या थरात जंतूंना आडोसा मिळतो. कालांतराने जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. असं आवरण एकदा तयार झालं की आतल्या जंतूंपर्यंत साबण आणि औषध दोन्ही नीट पोचत नाहीत.

म्हणून क्रम महत्त्वाचा. बाळाचं पिऊन झालं की लगेच बाटली सुटी करायची आणि साध्या किंवा कोमट पाण्याने विसळायची. लगेच घासायला वेळ नसेल, रात्रीचे तीन वाजले असतील, तरी एवढं विसळणं करावंच. सुकलेलं दूध काढण्याचे पुढचे कष्ट वाचतात. मग गरम पाणी आणि साबण. बाटलीचा ब्रश वेगळा, निपलचा बारीक ब्रश वेगळा. निपल उलटं करून घासायचं आणि त्याच्या छिद्रातून पाणी दाबून बाहेर काढायचं, कारण सगळ्यात जास्त दूध तिथे अडकतं. रिंगच्या आट्या आणि झाकणाची आतली कड या दोन जागा विसरल्या जातात.

हे सगळं मोरीत किंवा सिंकमध्ये थेट करू नये. सिंकमध्ये कच्च्या भाज्यांची माती, मांस-मासळी धुतल्याचं पाणी, काल रात्रीच्या खरकट्याचा ओलावा, सगळं येऊन गेलेलं असतं. एक स्टीलचं घमेलं किंवा मोठं पातेलं फक्त बाळाच्या सामानासाठी ठेवावं आणि तेही रोज धुवावं. घरी धुणं-भांड्याला बाई येत असतील, तर बाळाची बाटली त्यांच्या ढिगात जाऊ नये. प्रश्न त्यांच्या स्वच्छतेचा नसतो. एकाच घासणीने कढई आणि बाटली दोन्ही घासल्या जातात आणि तारेच्या घासणीने प्लास्टिकवर चरे पडतात, हे त्याचं कारण. चरा पडला की जंतूंना घर मिळालं. चरे पडलेली, पांढुरकी झालेली किंवा वास धरलेली बाटली टाकून द्यायची. चिकट झालेलं, फुगलेलं किंवा चिरलेलं निपल त्याच दिवशी बदलायचं.

यानंतर उकळणं. इथेही काही बारकावे आहेत. दुधाच्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि ते प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे बाटली तरंगते. अर्धी बाटली पाण्यावर राहिली तर तो भाग उकळलाच नाही. बाटल्या आडव्या करून त्यांत पूर्ण पाणी भरावं, आत बुडबुडा अडकू देऊ नये, आणि वर एक जड ताटली ठेवावी. तळाशी स्वच्छ फडकं घातलं तर प्लास्टिक तापलेल्या धातूला टेकत नाही. काचेची बाटली गार पाण्यात ठेवून मग गॅस लावावा. उकळत्या पाण्यात अचानक टाकली तर ती तडकू शकते. वेळ मोजायची ती पाणी खळखळायला लागल्यापासून. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था ५ मिनिटं सांगते, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा किमान १० मिनिटं. दहा मिनिटं धरली की दोन्हींचं पाळलं जातं.

महाबळेश्वरसारख्या उंच गावी दहा मिनिटं पुरतात का, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो रास्त आहे. साधारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे तिथे पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. पण जुलाब आणि टायफॉइडचे जंतू मरायला शंभर अंश लागतच नाहीत. मुंबईतल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान केलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या, किलोभर वजनाच्या बाळांना तेच दूध दिलं जातं. तापमान कमी असेल तर वेळ जास्त लागतो, एवढंच. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावरही दहा मिनिटांचं उकळणं पुरतं.

काटेकोरपणे बोलायचं तर उकळणं म्हणजे संपूर्ण निर्जंतुकीकरण नव्हे. १८७० च्या दशकात जॉन टिंडल यांना दिसलं की वाळलेल्या गवतातले काही जंतू तासन्‌तास उकळूनही जिवंत राहतात, कारण ते कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात असतात. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. त्यासाठी १८७९ मध्ये शार्ल शांबरलाँ यांनी दाबाचं यंत्र बनवलं आणि पुढे शस्त्रक्रियेची हत्यारं तशी निर्जंतुक होऊ लागली. १२१ अंश, १५ मिनिटं, हे त्याचं प्रमाण. घरातल्या कुकरमध्येही दाबाखाली जवळपास तेवढं तापमान येतं, पण बाटली त्यासाठी बनवलेली आहे का हे उत्पादकाने सांगितलेलं नसेल तर तो प्रयोग करू नये. निरोगी बाळाच्या बाटलीला शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं मानक लागत नाही. विजेवरचे वाफेचे स्टरिलायझरही साध्या दाबाच्या वाफेवरच चालतात. त्यांत बाटल्या तोंड खाली करून ठेवायच्या, म्हणजे वाफ आत शिरते. बोअरच्या जड पाण्याने त्यांच्या तळाला पांढरा थर धरतो. थोड्या पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून तो अधूनमधून काढावा.

गॅस आणि वीज दोन्ही नसतील अशा वेळी क्लोरीनचं थंड द्रावण कामी येतं. ब्रिटनमध्ये १९१६ पासून विकलं जाणारं 'मिल्टन' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. डबे-थर्मासवाल्या आपल्याकडच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. ते सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण आहे. सामान त्यात पूर्ण बुडवून किमान अर्धा तास ठेवायचं आणि द्रावण २४ तासांनी बदलायचं. बाटलीत दुधाचा अंश राहिला असेल तर क्लोरीन त्या दुधाशीच लढण्यात संपतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणजे इथेही आधी धुणं आलंच. फरशी पुसायचं ब्लीच मात्र यासाठी चुकूनही वापरू नये. त्यात सुगंध आणि इतर रसायनं असतात आणि त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते.

आता वाळवणं. या पायरीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि तिचं महत्त्व अलीकडच्या एका घटनेने फार कठोरपणे समोर आणलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांचं एक बाळ क्रोनोबॅक्टर साकाझाकी नावाच्या जंतूच्या संसर्गाने दगावलं. हा जंतू नवजात बाळाच्या रक्तात आणि मेंदूच्या आवरणात शिरू शकतो. तपासात त्याचा माग घरातल्या दूध काढायच्या पंपापर्यंत पोचला. पंपाचे भाग घरातल्या सिंकमध्ये धुतले जात होते, निर्जंतुकही केले जात होते, पण कधीकधी ओलसर असतानाच जोडून ठेवले जात होते. त्या घराने काळजी घेतलेली होती. एका पायरीत ओल राहून गेली. हे वाचून कोणत्याही आईने घाबरून जाऊ नये, असा संसर्ग अतिशय दुर्मीळ आहे. पण ओल्या भागात जंतू वाढतात आणि कोरड्या भागात वाढत नाहीत, हा नियम तिथे जितका खरा, तितकाच कोल्हापुरात आणि चिपळूणमध्येही.

कोकणात आषाढ-श्रावणात तर कपडे दोन दिवस वाळत नाहीत, बाटल्या कुठून वाळणार? अशा दिवसांत उकळलेल्या बाटल्या चिमट्याने काढून, पाणी झटकून, स्वच्छ जाळीवर तोंड खाली करून ठेवाव्यात, पंख्याची हवा लागेल अशा जागी. पाच-सहा बाटल्या असतील तर एकेका बाटलीला वाळायला पुरेसा वेळ मिळतो. दोनच बाटल्यांवर भागवायचं म्हटलं की ओली बाटली वापरली जाते. पदराने, गमछ्याने किंवा ओट्यावरच्या फडक्याने आतून पुसणं टाळावं. फडक्यावरचे जंतू थेट बाटलीत उतरतात आणि आधीचं सगळं काम वाया जातं. ऊन वाळवायला उत्तम. पण उन्हात ठेवली म्हणजे बाटली निर्जंतुक झाली असं नाही, कारण जंतू मारणारे किरण प्लास्टिक आणि काचेतून पुरेसे आत जात नाहीत.

रोज निर्जंतुक करायची गरज किती दिवस? इथे तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रिटिश सल्ला बाळ वर्षाचं होईपर्यंत दर वेळी निर्जंतुक करा असा आहे. अमेरिकी सल्ला सांगतो की बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल तर दिवसातून एकदा तरी निर्जंतुक करावं. त्याहून मोठ्या, निरोगी बाळासाठी प्रत्येक वापरानंतर काळजीपूर्वक धुतलं आणि पूर्ण वाळवलं तर रोज उकळणं सक्तीचं नाही. आपल्याकडे पाणी कुठे टँकरचं, कुठे एक दिवसाआड येणारं आणि टाकीत साठवलेलं. अशा घरांनी ब्रिटिश सल्ल्याच्या बाजूने राहावं. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं. यंत्र पाणी गाळून देतं, पण त्याची टाकी आणि तोटी आपण किती वेळा उघडून धुतो?

बाटली कितीही स्वच्छ असली तरी पावडरचं दूध स्वतः निर्जंतुक नसतं, हेही इथेच सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवायची. म्हणजे पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत. मग बंद बाटली वाहत्या पाण्याखाली धरून गार करायची आणि मनगटावर थेंब टाकून पाहायचा. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं. बाळाने अर्धवट सोडलेलं दूध पुढच्या वेळेसाठी राखून ठेवणं महागात पडतं; बाळाची लाळ त्यात मिसळलेली असते. डबा महाग असतो, टाकताना जिवावर येतं, हे खरं आहे. म्हणून थोडं कालवावं आणि लागलं तर पुन्हा कालवावं.

गरम पाण्याला एक नवी बाजू २०२० मध्ये जोडली गेली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 'नेचर फूड' या नियतकालिकात दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत दूध तयार करताना एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटू शकतात, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे. संशोधकांनीच उपाय सुचवला: पाणी आणि पावडर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवावी, खोलीच्या तापमानाला आल्यावर बाटलीत ओतावी, आणि निर्जंतुक केलेली बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावी. जंतूंपासून बचावासाठी गरम पाणी हवंच, ते सोडायचं नाही. फक्त ते प्लास्टिकमध्ये ओतायचं नाही. ज्यांना परवडतं त्यांनी काचेची बाटली घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. प्लास्टिकची घ्यायची तर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह पाहावं. बिस्फेनॉल-ए हे रसायन ज्यात असतं, त्या पॉलिकार्बोनेटला २०१५ च्या भारतीय मानकाने दुधाच्या बाटल्यांतून वगळलं आहे. युरोपने ते २०११ मध्ये केलं होतं.

आपल्या देशात दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, हे अनेकांना माहीत नसतं. बाळाचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांचं उत्पादन, पुरवठा आणि वितरण नियंत्रित करणारा कायदा १९९२ मध्ये झाला, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला गेला. या कायद्यामागे जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांचा जुना अनुभव आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३९ मध्ये सिंगापुरात भाषण करून डब्याच्या दुधाच्या बेजबाबदार प्रचाराला थेट खून म्हटलं होतं. १९८० च्या दशकात पेरूची राजधानी लिमाजवळच्या वास्कार या गरीब वस्तीत संशोधकांनी बाळांच्या खाण्यापिण्याचे नमुने तपासले. तिथे बाळांना हर्बल चहा पाजायची पद्धत आहे. तो कपातून दिला तेव्हा त्यात विष्ठेतले जंतू क्वचितच सापडले. बाटलीतून दिला तेव्हा कितीतरी जास्त वेळा. पेय एकच, वस्तीही एकच, फरक फक्त भांड्याचा.

म्हणून आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ आणि आशाताई वाटी-चमच्याचा आग्रह धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये सहा महिन्यांखालच्या सुमारे ६४ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होतं. वाढ मोठी आणि आनंदाची आहे. तरीही ज्या आईला दूध कमी येतं, जी आजारी आहे, जी कामावर परतली आहे, तिला कुणी अपराधी वाटायला लावू नये. तिला नीट माहिती हवी असते. काढलेलं दूधही बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं. बोंडल्याचं पन्हळ उघडं असतं, त्यात अडकून राहायला जागा नसते, आणि वाटी तर बोटाने चारी बाजूंनी घासता येते. दोन्ही उकळून वाळवायला एकच पातेलं पुरतं. पाजायला वेळ लागतो, थोडं सांडतं, बाळाला अर्धं उभं धरावं लागतं. दोन-चार दिवसांत आई आणि बाळ दोघांनाही सवय होते.

बाळाला जुलाब लागलेच, तर क्षारसंजीवनीसुद्धा वाटी-चमच्याने द्यावी, बाटलीतून नको. मोठ्या पाकिटाला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, छोट्याला पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच. चमच्याचमच्याने, न थांबता द्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं. आईचं दूध त्या काळातही चालूच ठेवायचं. बाळ सुस्त वाटलं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. आजारपणात वापरात असलेली निपलं फेकून नवी आणावीत, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या एकदा पुन्हा सुट्या करून, घासून, उकळून, वाळवून घ्याव्यात.